रात्रपाळीचा वॉचमन

सकाळी तो बेसिनवरच्या फळीवर, निळ्या डबीत पाठ टेकून पडलेला असतो. डबीला वरून चार भोकं आहेत, हवा खेळायला. आकार घोड्याच्या नालेचा. रंग एकेकाळी काचेसारखा होता, आता जुन्या लोणच्याच्या बरणीसारखा पिवळट झालाय. खिडकीच्या उजेडात धरला की अंगावरचे खड्डे दिसतात. डावीकडे तीन बारीक, उजवीकडे शेवटच्या दाढेपाशी एक खोल आणि लांबट. दुसऱ्या कुणाला तो दाखवावा अशी वस्तू नाही. पाहुणे यायचे असले की बायको डबी उचलून औषधांच्या कपाटात ठेवते.

रात्री साडेअकराला तो ड्यूटीवर चढतो, सकाळी सहाला उतरतो. पगार नाही, साप्ताहिक सुट्टी नाही, दिवाळीला बक्षिसी नाही. काठी आपटत नाही, शिट्टी वाजवत नाही. दंतवैद्यांच्या भाषेत तो नाइट गार्ड. आमच्या घरात त्याचं नाव वॉचमन.

"अहो, वॉचमन आला का ड्यूटीवर?" दिवा घालवण्यापूर्वी बायको विचारते. तो आलेला असला की मी फक्त मान हलवतो. तोंड उघडण्यात अर्थ नसतो, कारण तो आत असताना माझ्या प्रत्येक 'स'चा 'श' होतो. "शकाळी शहाला उठव" असं एकदा म्हणालो, तर ती पाच मिनिटं उशीत तोंड खुपसून हसत होती.

बाकीचे वॉचमन बाहेरच्या चोरावर नजर ठेवतात. हा ज्याच्यावर नजर ठेवतो, तो घराचा मालकच आहे.

पहिली तक्रार चार वर्षांपूर्वीच्या थंडीत आली. "तुम्ही रात्री उठून सुपारी खाता का?" बायकोने चहाच्या वेळी सरळ विचारलं. मी सुपारीला आयुष्यात हात लावलेला नाही. पण तिचं म्हणणं, रात्री दोन-अडीचच्या सुमाराला माझ्या बाजूने कडाकडा आवाज येतो. आधी अडकित्त्यासारखा, मग लांबलचक, दगडावर दगड घासल्यासारखा. तिने मोबाइलवर टिपून ठेवला होता तो आवाज. मी ऐकला. माणसाला स्वतःचं घोरणं ऐकून जितकी लाज वाटते, त्याहून जास्त स्वतःचं दात खाणं ऐकून वाटते. घोरण्यात निदान एक प्रकारचं समाधान तरी असतं.

आईने निदान तिथल्या तिथे करून टाकलं. "जंत. लहानपणीही असाच करकर दात खायचा." तेव्हा वयाच्या ४७ व्या वर्षी मी जंताची गोळी घेतली. जंत असलेच तर गेले असतील, दात खाणं गेलं नाही. पुढे दातांच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, की लहान मुलं झोपेत दात खातात ते बहुतेकदा वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटतं, आणि जंतांचा त्याच्याशी संबंध आहे याला तसा पुरावा नाही. आईला हे पटलेलं नाही. तिच्या मते गोळी स्वस्तातली होती.

मॅडमनी खुर्चीत झोपवलं, दिवा तोंडावर घेतला आणि पंधरा सेकंदांत माझी सगळी कुंडली मांडली. हातात आरसा देऊन म्हणाल्या, "जीभ बाहेर काढा. कडा बघा." जिभेच्या कडेला करंजीला घालतो तशी मुरड पडली होती, दातांवर रात्रभर जीभ दाबली गेली की तशी खूण उमटते. गालाच्या आत पांढरी रेघ. सुळ्यांना टोकच नाही, घासून सपाट झालेले. मग त्यांनी माझ्या जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवून मला दात आवळायला सांगितलं. तिथे लिंबाएवढा स्नायू टणकन वर आला. "व्यायाम चांगला चाललाय तुमचा," त्या म्हणाल्या.

सकाळी उठल्यावर कानशिलं दुखायची, ते मी आजवर चष्म्याच्या नंबरावर ढकलत होतो.

घरी आल्यावर हे सगळं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली ते मात्र एखाद्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं होतं. "म्हणजे कोरडं जातं फिरवतोस तू." तिच्या माहेरी, सासवडकडे, जातं होतं. जात्यात दाणे नसताना ते फिरवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दाणा असेल तर पीठ पडतं. नसेल तर पाळ्या एकमेकींना खातात आणि पिठात कच येते. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणाऱ्याला बोलवायचं, तो छिन्नीने पुन्हा खरखरीत करून द्यायचा.

दातांचा टाकीवाला नसतो, एवढीच अडचण. दातावरचं कवच, म्हणजे एनॅमल, ही शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. हाडाहूनही कठीण. पण हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, एनॅमल गेलं ते गेलं. त्यात जिवंत पेशीच नसतात, मग भरून काढणार कोण? आणि हे कवच घडवलंय घासासाठी. जेवणाचे घास, थोडंफार गिळणं, एवढ्यापुरतेच वरचे-खालचे दात एकमेकांना लागतात. दिवसभराचा हिशेब केला तर तो वेळ मिनिटांत मोजण्याइतका. बाकी वेळ ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची खरी विश्रांती. मी आरशापुढे उभा राहून पाहिलं. माझे दात भरदिवसासुद्धा आवळलेलेच होते.

"का खातो आम्ही दात?" मी मॅडमना विचारलं होतं. पूर्वी दंतवैद्य दातांच्या वाकड्यातिकड्या बसणीला दोष देत. आता समजतं ते असं, की हुकूम दातांतून निघत नाही, मेंदूतून निघतो. झोप क्षणभर उथळ होते, नाडी वाढते आणि जबडा कामाला लागतो. काळजी, दारू, तंबाखू, चहा-कॉफीचा अतिरेक, नैराश्यावरची काही औषधं हे सगळे त्याला चिथावतात. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर तोही बघून घ्यावा लागतो. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

मी एका सहकारी बँकेत वसुली विभागात आहे. कर्जदार चहा पाजतात, हप्ता देत नाहीत. वरिष्ठ हप्ता मागतात, चहा पाजत नाहीत. मधे मी. दिवसभरात तोंडावर आलेली किमान वीस वाक्यं मी परत गिळतो. हे सांगितल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, फक्त कार्डावर काहीतरी लिहिलं.

मराठीत रागावलेला माणूस दुसऱ्यावर दातओठ खातो. दिवसा ज्याला ते परवडत नाही, तो रात्री स्वतःचे खातो.

वॉचमनचा जन्म मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. रबरी वाटीत गुलाबी पूड, त्यात पाणी, आणि सहायक मुलगी ते पात्याने फटाफट घोटते. ही पूड समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात. तिला पुदिन्याचा वास येतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत ती घट्ट खरवसासारखी होते. हा खरवस लोखंडी ताटलीत भरून वरच्या जबड्यावर दाबला की घशाशी जे होतं, ते लिहिण्यासारखं नाही. "नाकाने श्वास घ्या. उजवा पाय वर उचला. उचलून धरा," मॅडम म्हणाल्या. पायाचा आणि दाताचा काय संबंध, म्हणून मी चकित होऊन पाय उचलला. तो सांभाळण्याच्या नादात उमासा यायचा राहिला. युक्ती त्यासाठीच असते म्हणे.

त्या साच्यात पिवळं दगडी प्लास्टर ओतलं आणि तासाभराने माझा वरचा जबडा माझ्यासमोर टेबलावर आला. स्वतःचे दात असे हातात घेऊन बघणं विचित्र असतं. आजोबा रात्री कवळी काढून वाडग्यात ठेवायचे, ती आठवली. त्यांना तेवढ्यासाठी सत्तरी गाठावी लागली होती.

मग यंत्र. वर चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा चिमट्यात धरलेला, त्यावर तापलेली तार. पत्रा हळूहळू मऊ पडतो आणि मधोमध पोट सुटल्यासारखा खाली लोंबतो. नेमक्या त्या क्षणी तो प्लास्टरच्या दातांवर सोडायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. सप्प आवाज येतो आणि पत्रा दातादाताला बिलगतो. गार झाल्यावर कात्रीने जादा भाग कापला, कडा घासल्या, आणि मॅडमनी तो माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. हा तुमचं दात खाणं बंद करणार नाही. तुम्ही खाल ते याला खाल."

इतकी स्वच्छ नेमणूक मी बँकेत कुणाची झालेली पाहिली नाही.

याचं घराणं मात्र झोपाळूंचं नाही, मुष्टियोद्ध्यांचं आहे. लंडनचे एक दंतवैद्य वुल्फ क्राऊस यांनी १८९० च्या दशकात बॉक्सरांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवायला सुरुवात केली. ठोसा बाहेरून बसायचा, पण ओठ आतून फाटायचे, तेही स्वतःच्याच दातांनी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ही म्हण आपण घरातल्या भांडणाला वापरतो. रिंगणातल्या माणसाला ती अक्षरशः लागू होती. पुढे त्यांचा मुलगा फिलिप, जो स्वतः दंतवैद्य आणि हौशी बॉक्सर होता, त्याने पुन्हा पुन्हा वापरता येईल असं रबरी कवच केलं. टेड 'किड' लुईस हा लंडनच्या ईस्ट एंडचा बॉक्सर ते घालून खेळला. अमेरिकेत त्याच्यावर हरकती घेतल्या गेल्या, तोंडात बाहेरची वस्तू ठेवणं नियमात बसत नाही म्हणून.

हरकतींचा जोर ओसरायला एक दात तुटावा लागला. १९२७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये माइक मॅकटिग आणि जॅक शार्की समोरासमोर आले. मॅकटिग आघाडीवर होता. त्याच्या तुटक्या दाताने त्याच्याच तोंडात अशी जखम केली, की रक्त थांबेना. १२ व्या फेरीत लढत थांबवली आणि हातातला सामना गेला. त्यानंतर कवच घालण्यात बॉक्सरांना कमीपणा वाटेनासा झाला. अमेरिकेतल्या शाळकरी फुटबॉलमध्ये १९६२ पासून ते सक्तीचं आहे.

गटापर्चाबद्दल दोन वाक्यं राहवत नाहीत म्हणून. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की दिलेला आकार धरून बसतो. समुद्राखालच्या तारांना पाण्यापासून वाचवायला हाच चीक गुंडाळत. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली, तिच्या अंगावरही हेच वेष्टन होतं. आणि रूट कॅनाल केल्यावर दाढेच्या पोकळीत जी बारीक गुलाबी काडी भरतात ती आजही गटापर्चाचीच. माझ्या खालच्या दाढेत एक आहे. म्हणजे वॉचमन कामाला लागण्यापूर्वीच त्याचा एक चुलत आजोबा माझ्याकडे मुक्कामाला होता.

गरम पाण्याने मऊ होण्याचा हा गुण घराण्यात उतरलाय, आणि त्याच गुणाने माझ्या पहिल्या वॉचमनचा घात केला. त्याला धुवायचं ते थंड पाण्याने, मऊ ब्रशने. टूथपेस्टही लावायची नाही, ओरखडे पडतात. हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. मी गावाला गेलो असताना (त्याला घरीच विसरून) तिला ती डबी दिसली, त्याची कीव आली, आणि नातवंडांच्या बाटल्या उकळायचो तसं तिने त्याला पातेल्यात घालून दहा मिनिटं खळखळून उकळलं. मी परत आलो तेव्हा फळीवर तळलेल्या कुरडईसारखं काहीतरी होतं. "निर्जंतुक केलंय," ती म्हणाली.

मॅडम हसल्या. त्यांच्या मते एका अर्थी बरंच झालं. पहिला गार्ड मऊ होता आणि मऊ गार्ड असला की काही माणसं तो च्युइंगमसारखी जास्तच चघळतात. मी त्यांतलाच. दुसरा त्यांनी लॅबमधून करून आणवला, आतून मऊ आणि बाहेरून कडक. तो बसवताना निळा कागद दातांमध्ये धरून "चावा, सोडा, घासा" असं कितीतरी वेळा चाललं. जिथे निळा ठिपका गडद, तिथे थोडं घासायचं. चव्वेचाळीस मिनिटं लागली. कडक वॉचमनशी जमवून घ्यायला मला आठ-दहा रात्री लागल्या. सुरुवातीला पहाटे तो उशीखाली सापडायचा. झोपेत मी त्याला काढून ठेवत होतो. ड्यूटीवरच्या माणसाला मालकाने स्वतःच गेटबाहेर काढावं, तसं.

याच घराण्यातला दिवसपाळीचा एक जण माझ्या बहिणीकडे आहे. भाचा सांगलीकडे कबड्डी खेळतो, चढाईपटू. दोन वर्षांपूर्वी सरावात बचाव करणाऱ्याची टाच त्याच्या तोंडावर बसली आणि समोरचा वरचा दात मुळासकट बाहेर आला. पोरांनी मातीतून दात शोधला, ही हुशारीच. पण कुणीतरी तो पुसून, रुमालात बांधून खिशात ठेवला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास झाले होते. दात बसवला, टिकला नाही.

इथे शब्दचित्र थोडं बाजूला ठेवतो. पक्का दात असा निखळून पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचा तर अजिबात नाही. माती लागली असेल तर क्षणभर धुवायचा, जमलं तर तिथल्या तिथे खाचेत परत बसवायचा आणि रुमाल चावून धरायचा. ते नाही जमलं तर दात थंड दुधात टाकायचा. दूध आपल्याकडे कुठल्याही मैदानाच्या शेजारच्या टपरीवर मिळतं. आणि तसंच दंतवैद्याकडे पळायचं, अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम. कोरडा राहिला की मुळावरच्या नाजूक पेशी तासाभरात मरतात, मग कितीही छान बसवला तरी हिरडी त्याला ओळख देत नाही. दुधाचा दात असेल तर मात्र तो परत बसवायचा नसतो.

तर त्यानंतर भाच्याने खेळाच्या दुकानातून माउथगार्ड आणला. गरम पाण्यात बुडवायचा, काढून चावायचा, बोटांनी दाबायचा, झाला आकार. (आईने हे बघितलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते विसरणार नाही.) पण कबड्डीत एक पेच आहे, जो बॉक्सिंगमध्ये नाही, हॉकीत नाही. चढाई करणाऱ्याला दम धरावा लागतो. 'कबड्डी कबड्डी' पंचांना ऐकू आलं पाहिजे. तोंडात तो जाड रबरी तुकडा घेऊन भाचा शिरला की 'खबल्ली खबल्ली' व्हायचं आणि प्रत्येक सामन्यात दमावरून पंचांशी वाद. "मामा, दात वाचतोय पण चढाई जातेय," तो म्हणाला. मग मी त्याला आमच्या मॅडमकडे नेलं. मापाने केलेला गार्ड दातांना इतका बेमालूम बसतो, की तो जबडा आवळून जागेवर धरून ठेवावा लागत नाही. त्यामुळे बोलता येतं, श्वास घेता येतो. आता 'कबड्डी' बऱ्यापैकी कबड्डीसारखं ऐकू येतं. त्याच्या संघात सात जणांत तो एकटाच घालतो. बाकीचे त्याला हसतात. त्यांचे समोरचे दात अजून शाबूत आहेत.

हसणाऱ्यांसाठी एक आकडा आहे. न्यूझीलंडने १९९८ साली रग्बीत सगळ्या स्तरांवर माउथगार्ड सक्तीचा केला. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या दुखापतींचे भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. डोक्याच्या आतल्या धक्क्यापासून मात्र तो वाचवतो, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्याची हद्द दात, ओठ, फार तर जबडा.

तरी त्या घराण्यात आता एक इंजिनिअर निघालाय. आंतरराष्ट्रीय रग्बीत २०२४ पासून खेळाडूंच्या माउथगार्डमध्ये सेन्सर बसवतात. वरचे दात कवटीला घट्ट रोवलेले असतात. हेल्मेट डोक्यावर सरकतं, दात सरकत नाहीत, म्हणून डोकं किती जोरात हललं हे दातांवरून सगळ्यात नेमकं कळतं. धक्का ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मैदानाबाहेरच्या डॉक्टरकडे इशारा जातो आणि खेळाडूला तपासणीसाठी बाहेर बोलावतात. वॉचमनच्या पोराच्या हातात वॉकीटॉकी आला.

हौशी बॉक्सिंगमध्ये लाल रंगाचा गमशील्ड, म्हणजे बॉक्सरांचा माउथगार्ड, चालत नाही. रक्त आलं तर ते दिसायला हवं. तो तोंडातून पडला तर पंच खेळ थांबवतात, कोपऱ्यात नेऊन धुतात, परत बसवतात आणि मगच पुढे. मला हे फार शिष्टाचाराचं वाटतं. पण त्या घराण्याचं सगळ्यात मोठं चित्र टोकियोचं आहे, ११ फेब्रुवारी १९९० चं. तोवर एकही लढत न हरलेला माइक टायसन १० व्या फेरीत बस्टर डग्लसच्या ठोशांनी खाली कोसळला. पंच आकडे मोजताहेत. टायसन गुडघ्यांवर, हाताने जमीन चाचपतोय. उठायच्या आधी तो काय शोधतो, तर गमशील्ड. जाड हातमोज्यातल्या बोटांनी तो कसाबसा उचलतो आणि तोंडात कोंबतो. तो नीट बसतही नाही, एक टोक ओठांबाहेर लोंबत राहतं. तसाच उभा राहतो, आणि पंच त्याला मिठीत घेऊन लढत संपवतात. जगातला सगळ्यात भीतिदायक माणूस, आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लहान मुलाच्या चोखणीसारखा लटकणारा तो तुकडा. मी तो प्रसंग कितीदा पाहिलाय. ठोसा आठवत नाही, ते चाचपणं आठवतं. रात्री लाइट गेल्यावर मीही फळीवर असाच चाचपतो.

सहा महिन्यांनी वॉचमनला घेऊन मॅडमकडे जावं लागतं. त्या त्याला दिव्याखाली धरतात आणि पासबुक वाचावं तसं वाचतात. कोणत्या बाजूला जोर, घसरण पुढे की आडवी, खोली किती. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी उजवीकडच्या लांबट खड्ड्यावर नख फिरवलं आणि म्हणाल्या, "मार्च जड गेला ना?" मार्चअखेरीबद्दल मी त्यांना एक शब्दही बोललो नव्हतो. बायकोला नव्हतो बोललो. ज्याला सगळं माहीत होतं, तो माझ्या तोंडात राहूनही माझ्याबद्दल चकार शब्द बोलत नाही, पण अंगावर सगळं लिहून ठेवतो.

त्या म्हणाल्या, की मी एकटा नाही. कोविडच्या काळात त्यांच्याकडे भेगाळलेल्या दाढा घेऊन येणाऱ्यांची रांग लागली होती, बरेचसे घरून काम करणारे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२१ सालच्या पाहणीतही ७० टक्क्यांहून अधिक दंतवैद्यांनी दात खाणारे रुग्ण वाढल्याचं सांगितलं होतं. जगभर माणसं घरात कोंडलेली, आणि रात्री सगळी जाती कोरडी फिरताहेत.

मॅडमनी मला एक पथ्य दिलंय. संगणकाच्या पडद्याच्या कडेला लाल टिकली चिकटवायची. ती दिसली की स्वतःला विचारायचं, दात सुटे आहेत का? टिकली लावून वर्ष झालं. दहा वेळा बघतो, सात वेळा आवळलेलेच असतात. तीन वेळा सुटे. पूर्वी तेवढेही नव्हते. शेजारच्या टेबलावरच्या देशपांडे मॅडमनी एकदा विचारलं, ही टिकली कुणाची? मी खरं सांगितलं. आता त्यांच्या पडद्यावरही एक आहे, हिरवी.

परवा सकाळी वॉचमनला नळाखाली धरला तर उजव्या दाढेपाशी पाणी आरपार गेलं. त्या लांबट खड्ड्याला भोक पडलंय. मोहरीएवढं. बायकोला दाखवलं. ती चष्मा लावून बघत राहिली, मग म्हणाली, "तीन वर्षं टिकला की हो." आई म्हणाली, टाकू नका, असू दे. मॅडमना फोन केला, त्यांनी विचारलं, "भोक त्याला पडलंय ना? दाढेला नाही ना? मग झालं."

सोमवारी संध्याकाळी सव्वासातला नवीन माप द्यायला जायचंय. मार्चला पाच आठवडे आहेत.